मोटारसायकल आणि कुत्रा, दोघांना वाळवायला एकच ब्लोअर: कोणता घ्यावा?

दोनचाकी_चारपायी (धागाकर्ता)

गाडी एअर-कूल्ड, फेअरिंग (बाहेरचं आवरण) नसलेली. इंजिनाच्या फिन्स (उष्णता घालवणाऱ्या पात्या), बोल्ट, वायरिंग सगळं उघड्यावर. कुत्रा लॅब्रेडॉर, ३० किलो, आतली लव दाट. दोन्ही धुतल्यावर वाळवायला एकच ब्लोअर ड्रायर घ्यायचा विचार आहे.

गाडीचं टाकीवरचं पाणी फडक्याने निघतं, पण फिन्समधलं, स्विचमधलं, बोल्टच्या डोक्याच्या खोबणीतलं तिथेच राहतं आणि वाळल्यावर पांढरे डाग पडतात. कुत्रा वरून कोरडा दिसतो, बोटं आत घातली की लव ओलीच लागते.

अडलंय ते असं. एक कंपनी अश्वशक्ती लिहिते, दुसरी वॅट, तिसरी वाऱ्याचा वेग. तुलना करायची कशी? हीटर हवा की नको? बागेतला पालापाचोळा उडवायचा ब्लोअर चालेल का? आवाजाने कुत्रा बिथरू नये म्हणून खरेदी करतानाच काय पाहायचं? आणि एकच नळी दोघांना वापरली तर काही बिघडतं का?

---

कार्बनब्रश

आधी निकाल, मग कारणं. यंत्र कुत्र्याच्या हिशोबाने निवडा आणि गाडीलाही तेच वापरा. उलटं केलंत तर फसाल. आवाज, उष्णता, हवेचा मारा यातलं गाडीला काहीच खुपत नाही. अटी घालणारा कुत्रा आहे.

अश्वशक्तीचा आकडा सोडून द्या. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. खोक्यावर ४ अश्वशक्ती आणि यंत्राच्या मागच्या पट्टीवर १८०० वॅट लिहिलं असेल तर पट्टी खरी धरा, कारण ४ अश्वशक्तीला जवळपास ३००० वॅट लागतील. खोक्यावरचा आकडा बहुधा मोटर सुरू होतानाच्या क्षणिक उसळीवरून काढलेला असतो. पट्टीवरच्या वॅटमधूनही हीटरचे वॅट वजा करायचे. उरतील ते मोटरचे.

वेग आणि हवेचं प्रमाण हे दोन्ही आकडे वेगवेगळे खरे असू शकतात, पण एकत्र खरे असतीलच असं नाही. वेग मोजतात तो सगळ्यात अरुंद नोझल लावून आणि प्रमाण मोजतात ते नळी-नोझल काढून. दोन्ही एकदम तपासायचं गणित सोपं आहे:

झोताची शक्ती (वॅट) = ०.६ × दर सेकंदाला घनमीटर × वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रति सेकंदात)

उदाहरणार्थ २५ मिमी तोंडाचं नोझल. त्याचं क्षेत्रफळ ४.९ चौ.सेंमी. १०० मीटर प्रति सेकंद वेगाने त्यातून सेकंदाला ०.०४९ घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३ घनमीटर हवा जाते (सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, १०४ च्या आसपास). झोताची शक्ती झाली २९४ वॅट. मोटर आणि पंखा मिळून विजेचा साधारण तिसरा हिस्सा झोतात उतरवतात, फार चांगलं यंत्र असेल तर चाळीस टक्के. म्हणजे एवढ्या कामाला ९०० ते १००० वॅटची मोटर पुरते. तुमच्या दोन्ही कामांना याहून जास्त लागत नाही. १२०० वॅटची मोटर असेल तर हात सैल राहील.

आता हीटर. हवा फेकण्यात न लागलेली वीज उष्णताच होते आणि ती त्याच हवेत मिसळून बाहेर पडते. मोटर १५०० वॅटची, झोतात गेले ३००, उरले १२००. सेकंदाला ०.०५ घनमीटर हवा असेल तर एवढ्या उष्णतेने ती साधारण २० अंशांनी तापते. खोलीत ३० अंश असतील तर हीटर नसतानाही नोझलच्या तोंडाशी ५० अंश! तोंडापासून २०-२५ सेंमी लांब बाहेरची हवा मिसळून ते बरंच उतरतं, पण नोझल अंगाला टेकवलं तर उतरायला जागाच नाही. वर १००० वॅटचा हीटर लावला की आणखी १६-१७ अंश. म्हणून हीटर असलाच तर त्याचं बटण वेगळं हवं. वेग वाढवला की हीटरही आपोआप वाढतो अशी जोडणी असलेलं यंत्र नको.

अरुंद नोझल लावलं की हवेचं प्रमाण घटतं आणि तेवढीच उष्णता कमी हवेत जाते. तुंबलेल्या फिल्टरनेही तेच होतं. “हल्ली हवा जास्त गरम येते” अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा फिल्टरमध्ये केस असतात.

मोटरमध्ये एक फरक बघा. काहींमध्ये बाहेर फेकायची हवाच मोटरवरून जाते आणि मोटर थंड करते. काहींमध्ये मोटर थंड करायला वेगळा छोटा पंखा असतो, तिला बायपास मोटर म्हणतात. अरुंद नोझल लावून बराच वेळ चालवायचं असेल तर बायपासच घ्या, कारण पहिल्या प्रकारात नोझल आवळलं की मोटरचा श्वासही आवळला जातो. ओळखायचं कसं? फिल्टर असलेल्या तोंडाशिवाय यंत्राच्या अंगावर दुसरीकडे जाळीची भोकं असतील तर बहुधा बायपास आहे.

राहिला नॉब. दोन टप्प्यांचं बटण नको, सलग फिरणारा नॉब हवा. आणि दुकानात कमाल वेग ऐकण्यापेक्षा किमान वेग ऐका. कित्येक यंत्रांचा “हळू” हाच मुळी निम्म्या जोराचा असतो. कुत्र्याशी ओळख तिथूनच करून द्यायची असते, तेव्हा हा मुद्दा कमाल वेगापेक्षा मोलाचा.

---

तिसरा_गिअर

वरच्या बहुतेक गोष्टींना +१. पण पालापाचोळ्याच्या ब्लोअरला सरसकट नावं ठेवू नका. गाडीपुरता तो वाईट नाही. ८० मिमीचं तोंड, ६० मीटर प्रति सेकंद वेग, म्हणजे मिनिटाला १८ घनमीटर हवा. टाकी, मडगार्ड, चाकं यांच्यावरून पाण्याचा अख्खा पापुद्रा सरकवतो.

कमी पडतो तो खोबणीत. झोताचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ६० मीटरला सुमारे २.२ किलोपास्कल, १०० मीटरला ६. अॅलन बोल्टच्या (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) डोक्यातला थेंब ६ ला उडतो, २.२ ला नुसता थरथरतो. शिवाय त्याच्या तोंडावर फिल्टर नसतो. जमिनीवरची बारीक वाळू ओढून थेट रंगावर मारतो. आणि कुत्र्यासाठी तर तो बादच. एवढं मोठं तोंड ना नेम धरू देत, ना वेग पुरेसा खाली येऊ देत.

कंप्रेसरचा मोह टाळा. ६ बार म्हणजे ६०० किलोपास्कल, वरच्या आकड्याच्या शंभर पट. चाकाच्या बेअरिंगच्या सीलवर सरळ धरला तर पाणी सीलच्या ओठाखालून आत जातं आणि ग्रीस साबणासारखं पांढरं होतं. ब्लोअरने ते होत नाही, तरी सीलवर नोझल काटकोनात न धरता तिरपंच धरावं.

गाडीचा क्रम असा ठेवा. इंजिन हात लावण्याइतकं गार असताना धुवा. शेवटचं पाणी नोझल काढून, नळीच्या उघड्या तोंडाने, बारीक धारेने टाकीवरून सोडा. पाणी पापुद्र्यासारखं एकसंध ओघळतं आणि मागे थेंब कमी राहतात. मग ब्लोअर, वरून खाली: आरसे, स्विच, मीटरच्या कडा, टाकीचं झाकण, सीटचा सांधा, इंजिन, चाकं, सगळ्यात शेवटी चेन. नोझल पृष्ठभागापासून ५ ते १० सेंमी आणि तिरपं. थेंबाला दाबायचं नाही, कडेला हाकलायचं.

चार जागा मात्र लक्ष देऊन.

स्पार्क प्लगची खोबण. बऱ्याच इंजिनांत तिथलं पाणी निघून जायला बाजूला एक छोटं भोक असतं. ते चिखलाने बुजलं की खोबण भरते, कॅपमधून ठिणगी गळते आणि धुतल्यावर गाडी ओढत नाही. आधी भोक मोकळं करा, मग वरून हवा मारा. प्लग काढायचा असेल तर त्याआधी खोबण फुंकून घेणं सक्तीचं समजा, नाहीतर तिथली वाळू सिलिंडरमध्ये जाते.

टाकीचं झाकण. त्याच्या भोवतीच्या खाचेतून पाणी काढायची नळी खाली जाते. झोत आडवा मारा. वरून खाली मारला तर पाणी झाकणाच्या रबराखाली शिरायला बघतं.

फिन्स. एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, असा आरपार झोत. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मारत राहिलात तर पाणी मधेच फिरत बसतं.

चेन. आतल्या बाजूने बाहेर मारा, चाक हाताने फिरवा. इंजिन बंद. चालू इंजिनावर चाक फिरवून चेन वाळवणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) जातात. चेन पूर्ण कोरडी झाल्यावरच तेल, तेही खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला. ओल्या चेनवर मारलेलं तेल पिनांपर्यंत पोचत नाही.

सायलेन्सरच्या तोंडात आणि सीटखालच्या एअर-बॉक्सच्या (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्याच्या) तोंडात झोत मारू नका. आणि “धूळ आहे, नुसती फुंकून घेऊ” हेही नको, कोरडी वाळू रंगावरून घासत जाते. शेवटी गाडी हळू चालवत दोन्ही ब्रेक चार-पाचदा हलके दाबा. डिस्क कोरडी दिसली तरी पॅड ओले असतात.

हीटर? गाडीला शून्य उपयोग. स्टिकरचा गोंद मऊ करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

नोझलच्या टोकाला रबराची टोपी असेल असं बघा. धातूचं किंवा कडक प्लास्टिकचं टोक एकदा टाकीला टेकलं की ओरखडा कायमचा.

---

आतली_लव

कुत्र्याच्या बाजूने लिहिते.

ब्लोअर हे वाळवायचं नाही, पाणी हाकलायचं यंत्र आहे. अर्धा लिटर पाणी वाफ करून घालवायचं तर सुमारे १२ लाख जूल लागतात. १००० वॅटच्या साध्या हेअर ड्रायरची सगळी उष्णता वाया न जाता पाण्यातच गेली तरी २० मिनिटं, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. तोवर त्याच जागी गरम हवा खाऊन कुत्र्याची कातडी लाल होते. म्हणून आधी हाताने केस पिळा: मान, छाती, पाय वरून खाली, शेपटी. मग पाणी शोषणारा टॉवेल अंगावर दाबा, घासू नका. दोन टॉवेल नीट वापरलेत की ब्लोअरचं अर्धं काम झालं.

लॅबच्या बाबतीत वरचे राठ केस पाणी झटकतात आणि आतली लव ते धरून ठेवते. झोत बरोबर लागतोय याची खूण म्हणजे केस दुभंगून कातडीचा छोटा गोल दिसतो आणि त्याच्या कडेने पाण्याची बारीक फवारणी उडते. गोल दिसला पण फवारणी नाही, म्हणजे ती जागा झाली. पुढे सरका. एका जागी रेंगाळायचं नाही. नोझल अंगापासून १५ ते २० सेंमी. मांडीच्या मागच्या दाट केसांत थोडं जवळ चालतं, पोटावर आणि काखेत लांबच.

सुरुवात मागच्या पायापासून, किमान वेगावर. मग मांडी, पाठ, बाजू, खांदे, छाती. चेहऱ्यावर ब्लोअर कधीच नाही, तिथे टॉवेल. कान, डोळे, नाक, शेपटीखाली झोत जाता कामा नये. कानाच्या नळीत वारा शिरला की कुत्रा पुढच्या वेळी यंत्र बघूनच पळेल, आणि त्याचं बरोबर असेल.

लॅबमध्ये ओल राहते ती शेपटीच्या मुळाशी, मानेच्या पट्ट्याखाली, काखेत आणि मांडीच्या मागे. ओली लव कातडीला चिकटून राहिली की तिथे खाज, मग चाटणं, मग एका रात्रीत ओला लाल चट्टा. सगळं वाळलं असं वाटल्यावर याच चार जागी बोटांची टोकं कातडीपर्यंत घालून बघा. गार लागलं तर ओलं आहे. पट्टा वाळेपर्यंत घालू नका.

आवाजाबद्दल. कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपली धाव २०,००० पर्यंत. आपल्याला “घों” ऐकू येतं, त्याला त्यावरची शिट्टीही. दोन उपाय खरेदी करतानाच करता येतात. एक, ३ मीटर लांब नळी, म्हणजे मोटर दाराबाहेर ठेवता येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, मध्ये भिंत आली तर आणखी. दोन, वर सांगितलेला किमान वेग. नोझलच्या तोंडाशी हवेचा स्वतःचा आवाज असतोच, तो वेग कमी केल्याशिवाय कमी होत नाही. तिसरा उपाय यंत्राबाहेरचा: कानांवरून मऊ, ताणणारा कापडी पट्टा. कापूस घालायचा तर मोठा बोळा, बाहेरून सहज ओढता येईल असा.

तुमच्याही कानांचा विचार करा. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मानलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एकच तास उरतो. कानात बोळे घालायला काही लागत नाही.

ओळख करून द्यायची ती धुण्याच्या दिवशी नाही. आधी बंद यंत्राजवळ खाऊ. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत किमान वेगावर, इकडे खाऊ. मग त्याच खोलीत, झोत भिंतीकडे. मग पाच सेकंद मागच्या पायावर आणि बंद. कुत्रा ओठ चाटतोय, जांभया देतोय, शेपूट पोटाखाली घेतोय, तर एक पायरी मागे या. धरून ठेवून “होईल सवय” म्हणणाऱ्यांचे कुत्रे पुढे चावायला शिकतात. पायाखाली न घसरणारी चटई हवी. पाय घसरत असलेला कुत्रा कोणत्याही आवाजाला घाबरतो.

हीटरवर माझं मत कडक आहे: लॅबला नको. कार्बनब्रश यांनी २० अंशांचं गणित दिलंच आहे. अंगाशी हवा किती गरम आहे ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल थर्मामीटरने त्याच अंतरावर मोजा. ४० च्या वर गेली की अंतर वाढवा. आणि दार उघडं ठेवा. बंद न्हाणीघरात १५०० वॅट काही मिनिटांत हवा तापवतात, दमट करतात, आणि दमट हवेत धापा टाकूनही कुत्र्याचं अंग निवत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ च्या आसपास. ४१ म्हणजे जिवावरचा प्रसंग. जोराच्या धापा, दाट लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणं यातलं काही दिसलं की यंत्र बंद, अंगावर साधं गार पाणी, पंखा, आणि लगेच पशुवैद्य. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हे फार लवकर होतं.

---

शिळा_टॉवेल

“हीटर नकोच” हे जरा जास्त होतंय. खोलीत १० अंश असतील तर २० अंश वाढूनही हवा ३० चीच, आणि किमान वेगावर धरली तर ओल्या अंगाला ती गार लागते. पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर काकडतो. वेगळं बटण असलेला छोटा हीटर असू द्यावा, लागेल तेव्हा लावावा.

आणि हा धागा वाचून कोणी लांब रेशमी केसांच्या कुत्र्यावर अरुंद नोझल चालवणार असेल तर थांबा. शिह-त्झू, माल्टीज यांच्या केसांची टोकं झोतात चाबकासारखी फिरतात आणि गाठी पडतात. तिथे नोझल काढून, कमी वेग, लांबून, एका हातात ब्रश. जुन्या गाठी असतील तर त्या आंघोळीच्या आधी सोडवायच्या. पाणी लागलं की आवळतात.

---

आतली_लव

@शिळा_टॉवेल, थंडीचा मुद्दा मान्य. वेगळं बटण असेल तर भांडण मिटलं.

एक राहिलं होतं, एकच नळी दोघांना चालेल का. यंत्र एक चालेल, नोझल एक नको. चेनचं तेल, डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं द्रव), ब्रेकची काळी भुकटी नोझलच्या टोकाला लागते, तिथून केसांवर, आणि कुत्रा ते चाटतो. लिक्विड-कूल्ड गाड्यांच्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडांना थोड्या प्रमाणातही घातक. दोन नोझल ठेवा, गाडीच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळा. नळीचं हातातलं टोकही पुसून घ्या, तेलकट हाताने धरलेलं असतं. त्याच दिवशी दोघांचा नंबर असेल तर आधी कुत्रा.

---

दोनचाकी_चारपायी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आता तीन यंत्रं समोर आहेत, पट्टीवरचं जसंच्या तसं लिहितो:

अ) दोन मोटर, एकूण २८०० वॅट, त्यात हीटर ८००. वेग १५० मीटर प्रति सेकंद, हवा मिनिटाला ८ घनमीटर. दोन टप्पे. नळी २ मीटर.

ब) एक मोटर १२०० वॅट, हीटर ८००, बटण वेगळं. वेग ९०, हवा मिनिटाला ३ घनमीटर. सलग नॉब. नळी ३ मीटर. अंगावर वेगळी जाळी आहे.

क) हातात मावणारा बॅटरीचा पंखा, मिनिटाला १ लाखावर फेरे, १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास, ६०० वॅट.

---

कार्बनब्रश

अ: मिनिटाला ८ म्हणजे सेकंदाला ०.१३३. गुणिले १५० चा वर्ग, गुणिले ०.६. उत्तर १८०० वॅट. हीटर वजा जाता मोटरना मिळतात २०००. त्यातून झोतात ८०० उतरले तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे दोन आकडे दोन वेगळ्या मांडणीत मोजलेत. तो खोटेपणा म्हणून सोडूनही देता येईल, पण दोन टप्पे आणि २ मीटर नळी यावरच ते बाद आहे. दिवसाला दहा कुत्रे धुणाऱ्यांचं यंत्र ते.

ब: ०.०५ × ८१०० × ०.६ = २४३ वॅट. १२०० च्या मोटरला सहज. हे आकडे एकत्र खरे आहेत का तेही बघता येतं: ०.०५ भागिले ९० म्हणजे साडेपाच चौ.सेंमी, गोल तोंडाचा व्यास २६-२७ मिमी. सोबतचं एखादं नोझल फूटपट्टीने मोजा. एवढंच निघालं तर लिहिणारा माणूस प्रामाणिक आहे.

क: ९० वॅट-तासांची बॅटरी, ६०० वॅटचा खप, म्हणजे पूर्ण जोरावर ९ मिनिटं. गाडीच्या बोल्टना बेष्ट. कुत्र्याला अजिबात नको: शिट्टी फार वरच्या पट्टीतली, आणि हवा ओढायची जाळी नोझलपासून वीतभर लांब, तीत शेपटीचे केस ओढले जातात.

ब घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना कडक कॉलर आहे का ते बघा. नळी फाटते ती नेहमी कॉलरपाशी, सारखी वाकून.

---

गळती_३०

विजेचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. २३० व्होल्टवर ब यंत्र हीटरशिवाय ५.२ अँपिअर ओढतं, हीटरसह ८.७. सॉकेटचं आणि त्याच्या वायरचं रेटिंग याच्या वर हवं. ५ मिनिटं चालवून प्लग बंद करून हात लावा. तो गरम लागला तर सॉकेटची पकड सैल झाली आहे, यंत्र बदलून उपयोग नाही.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) त्या सर्किटवर असलाच पाहिजे. ओली फरशी, ओला कुत्रा, ओले हात, अजून काय हवं? एक्स्टेंशन लागलंच तर १.५ चौ.मिमी तांब्याची वायर आणि रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेने वितळते. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाशी टपकेल. यंत्र जमिनीवर नको, स्टुलावर. पाण्याच्या तुषारांपासूनही लांब राहतं आणि जमिनीवरचे केसही ओढत नाही.

---

दोनचाकी_चारपायी (धागाकर्ता)

ब पक्का. नोझल मोजलं, २६ मिमी. शेवटचं: फिल्टर किती वेळाने धुवायचा, आणि मोटरचं काय जपायचं?

---

कार्बनब्रश

कुत्र्यानंतर दर वेळी फिल्टर काढून झटका. लॅब लव सोडायच्या दिवसांत असेल तर मधेच एकदा थांबून बघा. स्पंजवर केसांची गादी बसते आणि हवा निम्मी होते. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा, पिळा, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. ओला स्पंज बसवला तर मोटर ते पाणी आत ओढते. दोन स्पंज ठेवलेत की थांबावं लागत नाही. फिल्टरशिवाय एकदाही चालवू नका, केस आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) टोकाशी गुंडाळले जातात आणि बेअरिंग खातात.

मधेच आपोआप बंद पडलं तर बिघाड समजू नका, तापमानाचा कटआउट असतो. प्लग काढा, फिल्टर आणि नळी बघा, २०-३० मिनिटांनी सुरू होतं. स्वच्छ फिल्टरवरही सारखं होत असेल तर कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे) तपासा. ब्रश मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले की जोडीने बदलायचे, एकच नाही. जाळीतून निळ्या ठिणगीऐवजी लांब पिवळ्या ठिणग्या आणि जळका वास म्हणजे वेळ टळून चालली आहे. नवे ब्रश घातल्यावर अर्धा तास नोझल न लावता कमी वेगावर चालवा, त्यांचं टोक कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या) गोलाईत बसतं. हे न करता पूर्ण जोर दिला तर कम्युटेटरवर चरे पडतात, आणि मग ब्रश नाही, मोटरच बदलावी लागते.